बिल्ड-इसेन्शियल: 'सी कंपायलर सापडला नाही' यावर डेबियनचं पॅकेज

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांच्या नव्या सर्व्हरवर, त्यातही डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) काटछाट केलेल्या 'स्लिम' इमेजमध्ये, एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स उतरवून कॉन्फिगर (बांधणीआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं की ते आधी जीसीसी हा सी कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारं साधन) शोधतं, मग 'सीसी' या सर्वसाधारण नावाचा. दोन्ही मिळाले नाहीत की 'नो ॲक्सेप्टेबल सी कंपायलर फाउंड' म्हणून थांबतं. रस्ट भाषेचं बिल्ड साधन कार्गो 'लिंकर सीसी नॉट फाउंड' म्हणतं (लिंकर म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम करणारा) तेव्हाही दुखणं हेच. यावर 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' हा सर्वांत भरवशाचा इलाज आहे. नुसतं जीसीसी टाकण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

पॅकेजमध्ये स्वतःचं असं फारसं काही नाही. ते पाच गोष्टी ओढून आणतं: जीसीसी, जी++ (सी++ चा कंपायलर), मेक (बिल्डच्या पायऱ्या चालवणारं), लिबसी6-डेव्ह (सी लायब्ररीच्या, कंपाइल करताना लागणाऱ्या फाइल्स) आणि डीपीकेजी-डेव्ह (डेबियन पॅकेज बांधायची साधनं). यातली लाखमोलाची चौथी. एसटीडीआयओ.एच सारख्या हेडर फाइल्स आणि प्रोग्रॅम जोडताना लागणाऱ्या स्टार्टअप ऑब्जेक्ट फाइल्स तिच्यात असतात. जीसीसीच्या पॅकेजला ती सक्तीची नाही, फक्त शिफारशीत आहे. डॉकरफाइलमध्ये आपण जागा वाचवायला 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारशीतली पॅकेजेस वगळणारा पर्याय) लावतो आणि नेमकी तीच गळते. मग कॉन्फिगरला कंपायलर सापडतो, पण पुढच्याच ओळीला 'सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स' येतं. अशा वेळी स्क्रीनवरचं वाचून अंदाज बांधू नका, कॉन्फिग.लॉग उघडा. तिथे लिंकरची तक्रार स्पष्ट दिसते: 'कॅनॉट फाइंड एससीआरटी1.ओ'. बिल्ड-इसेन्शियलमध्ये लिबसी6-डेव्ह सक्तीची असल्यामुळे तो पर्याय लावूनही ती येतेच.

जी++ चंही तसंच आहे. फक्त जीसीसी असलेल्या मशीनवर सी++ ची फाइल दिली की 'सीसी1प्लस' चालवता येत नाही, अशी कोड्यात टाकणारी एरर येते. कंपायलर बिघडलेला नसतो, जी++ टाकलेलं नसतं, एवढंच.

आणखी एक खड्डा म्हणजे आवृत्तीचं नाव घालून 'जीसीसी-12' टाकणं. त्याने फक्त त्याच नावाची कमांड मिळते. 'जीसीसी' आणि 'सीसी' ही साधी नावं मूळ जीसीसी पॅकेज देतं, आणि बिल्ड-इसेन्शियल ते आणतं. मुद्दाम विशिष्ट आवृत्तीच हवी असेल तर कॉन्फिगरला 'सीसी=जीसीसी-12' असं सांगा. सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनात कंपायलर बदलला तर जुनी बिल्ड डिरेक्टरी उडवून नव्याने सुरू करा, कारण कॅशमध्ये आधीचा पत्ता चिकटून राहतो.

उणी बाजू एक आहे. आवृत्ती वितरण ठरवतं: डेबियन 12 वर जीसीसी 12, उबुंटू 24.04 वर 13, डेबियन 13 वर 14. जीसीसी 14 पासून घोषणा न केलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग राहिली नाही, एरर झाली. जुना सी कोड तिथे धडाधड आपटतो. काही जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या चाचण्याही त्यामुळे चुकीचं उत्तर देतात, आणि हे जास्त घातक, कारण बिल्ड पूर्ण होतो पण एखादी सोय गुपचूप बंद पडलेली असते. तात्पुरता उपाय म्हणजे सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायचे पर्याय) 'एफपर्मिसिव्ह' देणं. कायमचा उपाय कोड सुधारणं हाच.

पायथन.एच नाही म्हणून पायथनची पॅकेजेस टाकणारं पिप अडलं तर पायथन3-डेव्ह वेगळं टाकावं लागतं. सीमेक, ऑटोकॉन्फ, पीकेजी-कॉन्फिग ही बिल्डची इतर साधनंही बिल्ड-इसेन्शियलमध्ये नाहीत. डॉकरमध्ये मल्टी-स्टेज बिल्ड (बांधणी एका टप्प्यात, शेवटची इमेज दुसऱ्यात) करा आणि हे सगळं पहिल्या टप्प्यातच ठेवा, नाहीतर शेवटच्या इमेजमध्ये काहीशे एमबी विनाकारण बसतात.

इतरत्र नावं वेगळी: अल्पाइनवर बिल्ड-बेस, आर्चवर बेस-डेव्हेल, रॉकी किंवा अल्मावर 'डेव्हलपमेंट टूल्स' हा ग्रुप, मॅकवर 'एक्सकोड-सिलेक्ट' ला 'इन्स्टॉल' हा पर्याय. फ्रीबीएसडीवर मात्र काहीच टाकायची गरज नसते. तिथे क्लँग हा कंपायलर मुळातच 'सीसी' नावाने बसलेला असतो. मेकफाइलमध्ये कोणी जीसीसी ठोकून लिहिलं असेल तर 'मेक सीसी=सीसी' एवढं पुरतं.