पश्चिमेच्या भिंतीसाठी मधुमालती की संक्रांतवेल?

इंदुरात ज्यांच्या घराची पश्चिमेकडची भिंत उघडी आहे, त्यांना उन्हाळा आला की तिच्यावर वेल चढवावीशी वाटते आणि रोपवाटिकेत विचारणा केली की बहुधा बोगनवेल, मधुमालती आणि संक्रांतवेल ही तीन नावे पुढे येतात. बोगनवेलीचा विचार मी फार लांबवत नाही. ती खऱ्या अर्थाने चढतच नाही. आपल्या काटेरी फांद्या जे सापडेल त्यावर रेलत जाते, त्यामुळे भिंतीवर तिला सतत बांधत राहावे लागते. कुंपणावर मात्र तिला तोड नाही.

उरलेल्या दोघींचा चढण्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. संक्रांतवेलीच्या पानात दोन पर्णिकांच्या मधोमध, तिसरीच्या जागी, एक बारीक ताणा निघतो आणि टोकाशी त्याला तीन फाटे फुटतात. तार, पावसाच्या पाण्याचा पाइप, शेजाऱ्यांची केबल, जे हाताशी येईल त्याला तो विळखा घालतो. मधुमालतीला असे ताणे नसतात. तिचा कोवळा शेंडा आधाराभोवती वळतो आणि पान गळाल्यावर देठाचा बुडखा फांदीवरच राहून कडक, आकड्यासारखा होतो. जुन्या फांदीवरून हात फिरवला तर तो बोटांना चांगलाच जाणवतो, आणि याच आकड्यांच्या जोरावर ती जाळीत अडकत वर सरकते. दोघींनाही जाळी लागते. ती भिंतीपासून चार-पाच इंच पुढे असावी, म्हणजे मागे हवा खेळती राहते.

फुलांचा प्रश्न केवळ देखणेपणाचा असता, तर कौल संक्रांतवेलीला द्यावा लागला असता. जानेवारी-फेब्रुवारीत बाग थोडी उदास असताना तिचा नारिंगी पडदा भिंतीवरून खाली लोंबतो, तेव्हा पान शोधावे लागते. मधुमालतीचा बहर उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत येत-जात राहतो. संध्याकाळी पांढरे उमललेले फूल पुढे गुलाबी आणि मग लाल होते, आणि तिन्ही रंग एकाच घोसात दिसतात. वास रात्री अधिक येतो, आणि मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना त्याचे मोल सांगायला नको.

माझा निर्णय मात्र फुलांनी केला नाही, तो दिवाळीआधीच्या पुताईने केला. रंगारी आला की वेल उतरवणे भाग पडते, आणि संक्रांतवेल नेमकी याच वेळी उतरवू नये अशा अवस्थेत असते. तिची फुले पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना येतात. त्या ऑक्टोबरात कापल्या म्हणजे संक्रांतीची फुले दिवाळीतच कापून टाकल्यासारखे होते. न कापता सोडवू म्हटले, तर ताण्यांचे विळखे एकेक करून उलगडावे लागतात, आणि तेवढा धीर रोजंदारीवर आलेल्या माणसाकडून अपेक्षिणेही बरे नव्हे. मधुमालतीचे तसे नाही. तिचा मुख्य बहर तोवर सरलेला असतो, फुले पुढच्या नव्या फुटीवर यायची असतात, त्यामुळे ती कंबरेपर्यंत छाटली तरी उन्हाळा लागेपर्यंत जाळी बऱ्यापैकी भरते. निदान आमच्या भिंतीवर तरी असेच होत आले आहे.

तिलाही खोड आहेच. मुळांपासून धुमारे फुटतात आणि ते फरशीच्या सांध्यांतून, वाफ्याबाहेर, भलतीकडे डोके वर काढतात. मालव्याची काळी माती पावसाळ्यात मऊ असते तेव्हाच ते मुळासकट ओढून काढावेत, कारण उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते आणि धुमारा वरच्या वर तुटतो. पाण्याच्या टाकीजवळ किंवा घराच्या अगदी पायाशी मी मधुमालती लावणार नाही.

भिंत उघड्या विटांची किंवा दगडाची असेल आणि रंगाचा प्रश्नच नसेल, तर संक्रांतवेल जरूर लावावी. छाटणी तेवढी फुले सरताच, होळीच्या सुमारास उरकावी आणि पावसाळा सुरू झाल्यावर तिला कात्री लावू नये.