भाग बदलायचा की अख्खं यंत्र? लॅपटॉप, फोन आणि टीव्ही : एक तुलनात्मक आढावा

"लॅपटॉप फार स्लो झालाय, नवीनच घेऊ का?" नात्यातलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. मी लगेच हो-नाही म्हणत नाही. आधी उलट विचारते, तुला थांबावं लागतं ते नेमकं कशासाठी? चालू व्हायला वेळ लागतो? चार टॅब उघडल्यावर अडकतो? चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद पडतो? तिन्ही तक्रारींना आपण "स्लो" किंवा "खराब" म्हणून मोकळे होतो, पण दुखणी तीन आहेत आणि औषधंही तीन.

यंत्र दोन तऱ्हांनी जुनं होतं. एक झीज. बॅटरी, गोल फिरणारी हार्ड डिस्क, पंखा, चार्जिंगचं सॉकेट, बिजागरी हे भाग वापरून झिजतात. दुसरी मुदत. कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट द्यायचं थांबवते, ॲप जुन्या सिस्टिमवर चालेनासं होतं. झिजलेला भाग बदलता येतो, आणि बहुतेक वेळा बदलावाच. मुदत संपलेल्या यंत्रात मात्र नवा भाग घातला तरी मुदत वाढत नाही. दुरुस्ती आणि खरेदी यांची तुलना मी याच एका रेषेवर करते. वय, मॉडेल, दिसणं हे सगळं त्यानंतर.

लॅपटॉप : इथे दुरुस्तीला सगळ्यात जास्त वाव

माझ्या मावशीचा लॅपटॉप २०१६ चा. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी), आत फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबून ती दुसरं काम उरकायला जायची आणि परत आली तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून पाहिलं तर प्रोसेसर जवळपास निवांत, आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. म्हणजे अडचण फक्त एका भागाची होती.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची चकती फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. माहिती वाचणारा काटा त्या चकतीवर जागा शोधत सरकतो आणि प्रत्येक शोधाला साधारण दहा मिलिसेकंद जातात. सिस्टिम चालू होताना अशा हजारो छोट्या फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवरची साठवण. तीत हलणारं काही नसतं, त्यामुळे हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात होतो. एक सलग मोठी फाइल वाचण्यातला फरक चार-पाच पटींचा असेल, पण रोजच्या वापरात जाणवतो तो या विखुरलेल्या फायलींमधला फरक, आणि तो शंभरपटीच्या घरात जातो. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हा जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा सगळ्यात गुणकारी खर्च आहे, असं मी ठामपणे सांगते. मावशीचा लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो.

एसएसडी विकत घेताना लोक एका ठिकाणी हमखास अडखळतात. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जोडणीचा जुना प्रकार) डिस्क बसते. साटाची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी. नव्या लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू खाच असते, तीत बसणारी एनव्हीएमई (जोडणीचा नवा, वेगवान प्रकार) एसएसडी सेकंदाला काही हजार एमबी वेग देते. आकडे पाहून जीव तुटतो, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्या माणसाला साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक रोजच्या कामात फारसा जाणवत नाही. खाच साटाची असेल तर साटाच घ्या, मन खट्टू करू नका. आणि एम-डॉट-टू खाच दिसली म्हणजे ती एनव्हीएमईचीच, असंही धरून चालू नका. काही खाचा दिसायला तशाच असून फक्त साटा ओळखतात. मॉडेलचं नाव घेऊन आधी खात्री करा.

रॅमचं गणित वेगळं. ४ जीबीवरून ८ जीबीवर गेलात तर ब्राउझरच्या टॅब उघडताना होणारी धडपड थांबते, हा फरक कुणालाही कळतो. ८ वरून १६ वर जाणं मात्र व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या एक्सेल शीट किंवा पन्नास टॅब उघडे ठेवण्याची सवय असेल तरच उपयोगी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा कामाच्या वेळी साठ टक्क्यांवर थबकत असेल तर जास्तीची रॅम नुसती पडून राहील. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खोबणच वेगळ्या ठिकाणी असते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये तर रॅम मदरबोर्डलाच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, सोल्डर केलेली असते. तिथे वाढवायचा प्रश्नच उरत नाही.

म्हणूनच एका प्रकारच्या लॅपटॉपवर दुरुस्तीचा खर्च करू नका असं मी सरळ सांगते : ४ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्तातली हळू चिप) साठवण असलेले स्वस्तातले छोटे लॅपटॉप. ती साठवणही बोर्डलाच चिकटलेली असते. विंडोजचा मोठा अपडेट उतरवायलाही तिथे जागा पुरत नाही. असं यंत्र नवं असतानाच अपुरं असतं.

आता मुदतीची बाजू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट मिळतील, अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं, आणि ढोबळ मानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतात. मावशीची सहावी पिढी यादीबाहेर. एसएसडीने वेग आला, पण यादीत नाव आलं नाही.

मग एसएसडीचा खर्च वाया गेला का? मला तसं वाटत नाही. मावशी मेल पाहते, फोटो साठवते, व्हिडिओ कॉल करते. तिच्यासाठी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. खाली डावीकडे मेनू, वर बंद करायची फुली, सगळं तिच्या सवयीचंच. तिला दोन दिवस लागले. पण तिच्या जागी हिशेबाचं एखादं ठरावीक विंडोज सॉफ्टवेअर रोज वापरणारा माणूस असता, तर मी त्याला नव्या लॅपटॉपकडेच वळवलं असतं. यादीबाहेरच्या मशीनवर आडवाटेने विंडोज ११ चढवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पैशांचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर मी तो मार्ग सुचवणार नाही.

तेव्हा लॅपटॉपचा निवाडा माझ्या मते असा : प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि आत अजून हार्ड डिस्क असेल, तर डोळे झाकून एसएसडी. त्याहून जुना असेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर एसएसडी आणि लिनक्स. मदरबोर्ड गेला असेल, किंवा पडदा आणि बिजागरी दोन्ही मोडले असतील, तर दुरुस्तीच्या अंदाजाची नव्या लॅपटॉपच्या किमतीशी तुलना करा. एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर मी थांबते. आणि फक्त पंखा घरघरत असेल, तळ तापत असेल, तर काहीच विकत घेऊ नका. आतली धूळ साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं.

आणखी एक छोटी गोष्ट. जुना कॉम्प्युटर रोज चालू करताना तारीख चुकीची दाखवत असेल आणि वेबसाइट उघडताना "कनेक्शन सुरक्षित नाही" असं म्हणत असेल, तर बहुतेक वेळा मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. अनेक मशीनमध्ये ती सीआर-२०३२ असते. या तक्रारीपायी लोकांनी अख्खे कॉम्प्युटर टाकून दिलेले मी पाहिलेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

फोन : आधी मुदत पाहा, मग बॅटरी

फोनमध्ये रॅम वाढवता येत नाही, साठवण बदलता येत नाही. म्हणजे निवड दोनच गोष्टींत : बॅटरी बदलणं किंवा नवा फोन. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या आवर्तनांनी थकते. ॲपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते, आयफोन १५ पासून हाच आकडा १००० आवर्तनांचा. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० आवर्तनं दीड वर्षाच्या आतच भरतात. उन्हात किंवा उशीखाली चार्ज होणारी बॅटरी त्याआधीच थकते.

थकलेली बॅटरी फोन हळूही करते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एकदम जास्त वीज लागली की जुनी बॅटरी ती देऊ शकत नाही आणि फोन धप्पकन बंद पडतो. ते टाळण्यासाठी जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. तीस टक्के चार्ज दिसत असताना फोन बंद होतो, थंडीत जास्त होतो, ही बॅटरीची खूण समजा. नव्या बॅटरीने असा फोन पुन्हा उभा राहतो.

पण बॅटरीवर पैसे घालण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघा. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, आणि बँकेचं ॲप त्याच फोनवर असेल, तर मी बॅटरी बदलायला सांगणार नाही. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा अपडेटची वर्षं जास्त महत्त्वाची मानते ती याचसाठी. गूगलने पिक्सेल ८ पासून, २०२३ मध्ये, आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ पासून, २०२४ मध्ये, सात वर्षांचे अपडेट द्यायचं जाहीर केलं. सात वर्षांच्या फोनला मधे एकदा बॅटरी बदलणं हा शहाणा खर्च. दोनच वर्षं अपडेट मिळणारा स्वस्त फोन दर तीन वर्षांनी बदलणं हे सरतेशेवटी महागच पडतं.

फोन अडकतोय पण बॅटरी ठीक आहे? मग साठवण किती भरली ते बघा. फोनमधली साठवण, म्हणजे फ्लॅश मेमरी, काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो. पाचवा हिस्सा मोकळा करून आठवडाभर वापरा. पाठीमागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा पडदा कडेने वर आला असेल तर मात्र वाट पाहू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा, टोचू-दाबू नका, आणि तज्ज्ञाकडे द्या.

टीव्ही : पडदा ठेवा, डोकं बदला

टीव्हीबाबत मला जवळजवळ शंकाच नसते. चांगला पॅनेल दहा वर्षं सहज टिकतो, त्याच्या आतलं स्मार्ट सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत रखडायला लागतं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि रोकू कंपनीच्या जुन्या स्ट्रीमिंग उपकरणांवर चालणं थांबवलं. त्या टीव्हींचे पडदे ठणठणीत होते. अशा टीव्हीला एचडीएमआयमधून स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण) लावली की तो नव्यासारखा चालतो.

स्टिकलाही मुदत असते, हे खरं. मार्च २०२५ मध्ये २०१५ च्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधलं, म्हणजे गूगलच्या अशाच उपकरणातलं, ओळख पटवणारं एक डिजिटल सर्टिफिकेट संपलं आणि जगभर ती उपकरणं एकाएकी चालेनाशी झाली. गूगलने काही दिवसांत अपडेट देऊन ती पुन्हा सुरू केली. पण स्टिक बदलणं आणि टीव्ही बदलणं यांच्या खर्चात फार मोठं अंतर आहे.

स्टिक घेताना दोन गोष्टी तपासा. टीव्ही फुल एचडी असेल तर फोर-के स्टिकने चित्र फोर-के होणार नाही, मात्र तिचा प्रोसेसर जास्त दमदार असतो म्हणून ती घेण्यात चूक नाही. आणि अनोळखी बनावटीच्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सपासून सावध राहा. वाइडवाइन एल-१ (चित्राची चोरी रोखणारी व्यवस्था) प्रमाणन नसलेल्या बॉक्सवर सशुल्क सेवांचं चित्र बहुधा ४८०पी या कमी स्पष्टतेवरच अडकतं, डब्यावर कितीही मोठ्या अक्षरांत फोर-के छापलेलं असो.

आधीच घेतलेली स्टिक सारखी रीस्टार्ट होत असेल तर तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज दिली आहे का ते बघा. तिथून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा. चित्र थांबत-थांबत येत असेल तर स्टिक टीव्हीच्या मागे पत्र्याला चिकटून आहे का पाहा. डब्यात आलेली छोटी एचडीएमआय वायर लावून ती थोडी बाहेर काढली की वायफाय सुधारतं. राउटर जवळ असेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याला जोडा, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४ च बरं. फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतो, असं नेटफ्लिक्स स्वतः सांगतं. म्हणजे दुखणं बहुधा इंटरनेटच्या प्लॅनमध्ये नसून घरातल्या घरात सिग्नल पोचण्यात असतं.

काहीही ठरवा, यंत्र कुणाच्या हाती देण्याआधी बॅकअप घ्या. आणि विंडोजचा लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या चुलतभावाचा मदरबोर्ड बदलला तेव्हा पडद्यावर ४८ अंकी की मागणारी निळी चौकट आली. खातं कोणत्या मेलवर उघडलं होतं ते आठवायला त्याला तीन दिवस लागले. मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते.