हॅमस्टरला धाप लागली तर: कोणता उपाय त्याला झेपेल?

जुलैतली रात्र, ठाण्यात चार दिवस पाऊस थांबलेला नाही. साडेअकराला माझा हॅमस्टर, बेसन, नेहमीसारखा चाकावर चढला आणि चार फेऱ्यांत खाली उतरला. पिंजऱ्याला कान लावला तर उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखी बारीक टिकटिक ऐकू आली, श्वासागणिक एक. कुशी लोहाराच्या भात्यासारख्या आतबाहेर होत होत्या. बेसन चौदा महिन्यांचा, जात सोनेरी हॅमस्टर, तेव्हाचं वजन 138 ग्रॅम.

पुढच्या तीन आठवड्यांत बरेच निर्णय घ्यावे लागले. थांबायचं की निघायचं, कुठल्या डॉक्टरकडे, औषध तोंडाने की सुईने की नेब्युलायझरने (म्हणजे धुकं करणाऱ्या मशीनने), अंथरायला काय. काही बरोबर आले, एक चुकला. पर्याय तोलताना खर्च नि सोय यांच्याआधी मी एक गोष्ट बघायला शिकले: हा उपाय करून घेताना त्या जीवाला स्वतःचा किती श्वास खर्चावा लागणार आहे? धाप लागलेल्या हॅमस्टरला हातात धरणं हासुद्धा खर्चच आहे.

थांबून बघायचं की लगेच निघायचं

नवा भुसा घातल्यावर दोन-चार शिंका आल्या, पण डोळे चकचकीत आहेत, गालात सूर्यफुलाच्या बिया कोंबणं चालू आहे, तर अंथरूण बदलून एक रात्र बघायला हरकत नाही. टिकटिक किंवा घरघर ऐकू येते, नाक ओलं आहे, अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय, डोळे अर्धवट मिटलेत, तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडून श्वास घेत असेल तर हातातलं काम टाकून निघा. उंदीर-हॅमस्टर हे नाकानेच श्वास घेणारे प्राणी. तोंड उघडावं लागलं म्हणजे फार थोडं शिल्लक आहे.

श्वास मोजून निर्णय घेऊ, असं मलाही वाटलं होतं. पण निरोगी हॅमस्टरचा श्वास मिनिटाला 35 पासून 135 पर्यंत कितीही असू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. झोपेतला व्हिडिओ काढून स्लो मोशनमध्ये कूस किती खोल जाते ते बघितलेलं जास्त उपयोगी, आणि डॉक्टरांनाही तोच दाखवता येतो, कारण टेबलावर ठेवल्यावर घाबरून सगळ्यांचाच श्वास वाढतो. मला खरा भरवसा किचनमधल्या वजनकाट्याचा वाटतो. एका ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. बेसन तीन दिवसांत 138 वरून 129 वर आला. माणसाच्या हिशोबात साठ किलोंतले चार किलो.

माझी चूक इथेच झाली. दोन दिवस मी 'पावसाळी सर्दी' म्हणून काढले. ज्याचं सगळं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्याचे दोन दिवस म्हणजे आपले दोन महिने. थांबणं फुकट वाटतं, पण सगळ्यात महाग पडतं ते तेच.

जवळचा दवाखाना की लांबचा जाणकार

दहा मिनिटांवर कुत्र्या-मांजरांचा दवाखाना होता. लहान प्राण्यांचे, ज्यांना आता सगळे 'एक्झॉटिक'चे म्हणतात, ते डॉक्टर ट्रॅफिकसकट दीड तासावर. मी आधी जवळ गेले. तिथे अमॉक्सिसिलिनचे थेंब लिहून मिळाले. मांजराला चालतं, लहान मुलांना चालतं. हॅमस्टरला ते तोंडाने दिलं तर जीव घेऊ शकतं. पेनिसिलिन गटातली औषधं (अमॉक्सिसिलिन त्यातलंच), क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विष करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि जुलाब होऊन प्राणी दगावतो. हे इतकं ठरलेलं आहे की 1970 च्या दशकापासून शास्त्रज्ञ या आतड्याच्या आजाराचा अभ्यास करायला हॅमस्टरलाच क्लिंडामायसिन देत आले आहेत. सुदैवाने देण्याआधी मी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला होता.

म्हणून अंतरापेक्षा फोनवरचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा: "हॅमस्टरला अमॉक्सिसिलिन देता का?" पलीकडून "नाही हो, ते नाही चालत" असं पटकन आलं तर जवळचा दवाखाना उत्तम, दीड तासाचे हादरे वाचले. "हो, देतो की" म्हणाले तर रिक्षा लांबची करा. तोंडाने श्वास चालू असेल तर मात्र ज्याच्याकडे ऑक्सिजन आहे तो सर्वांत जवळचा दवाखाना, आणि जाणकाराला तिथूनच फोन लावून औषध विचारायचं.

न्यायला पिंजरा नको. झाकणाला भोकं पाडलेला छोटा डबा, त्यात त्याच्याच घरट्यातलं मूठभर अंथरूण आणि पाण्याऐवजी काकडीचा तुकडा. पाण्याची बाटली वाटेत गळते आणि तो भिजतो.

थेंब, सुई की नेब्युलायझर

छातीत जंतुसंसर्ग असेल तर सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळतं. औषध कोणतं ते डॉक्टर ठरवणार. कसं द्यायचं यात मात्र आपलंही मत विचारलं जातं.

तोंडाने थेंब हा सगळ्यात स्वस्त आणि घरच्या घरी होणारा मार्ग. पण 130 ग्रॅमच्या प्राण्याचा डोस म्हणजे मिलिलिटरचे शतांश. कोंबड्यांसाठी मिळणारं एन्रोफ्लॉक्सासिनचं द्रावण इतकं जहाल असतं की ते डॉक्टरांकडूनच पातळ करून आणावं. शिवाय एन्रोफ्लॉक्सासिन कारल्यापेक्षा कडू. पहिल्या दिवशी मी बेसनला मानगुटीला धरून पाजलं. वीस सेकंदांची झटापट, आणि मग पाच मिनिटं तो तसाच पसरून बसला, कुशी पिसाटासारख्या हलत. औषध पोटात गेलं, पण त्यासाठी श्वास किती गेला! तिसऱ्या दिवसापासून उकडून कुस्करलेल्या रताळ्याच्या वाटाण्याएवढ्या गोळीत थेंब मुरवून समोर ठेवायला लागले. खाल्लं. खात असेल त्याच्यासाठी ही पद्धत मला सर्वांत बरी वाटते. दही, दूध किंवा दूध असलेलं लहान बाळांचं खाणं मात्र मिसळू नका. त्यातल्या कॅल्शियममुळे ही दोन्ही औषधं नीट शोषली जात नाहीत.

इंजेक्शनचा फायदा असा की डोस नक्की आत जातो. खाणं टाकलेल्या प्राण्याचा पहिला डोस सुईनेच व्हावा, या मताची मी आहे. पण रोज प्रवास, रोज परका हात, आणि एन्रोफ्लॉक्सासिन टोचलेल्या जागी कातडीवर चट्टा पडू शकतो. चौदा दिवस हे कुणालाच झेपणार नाही.

नेब्युलायझरबद्दल आधी एक खुलासा. आपल्याकडे पातेल्यातल्या गरम पाण्यालाही 'वाफ' म्हणतात आणि मशीनलाही. हॅमस्टरला पातेल्याची वाफ कधीच नको. उष्णता त्याला आधीच सोसत नाही. मशीनचं धुकं गार असतं. पारदर्शक डब्याला बाजूने भोक पाडून नळी आत घ्यायची, हवा जायला दुसरीकडे दोन भोकं, आणि औषधाच्या दुकानातलं साधं 0.9 टक्क्यांचं सलाइन घालून दहा-पंधरा मिनिटं. धरायला लागत नाही, झटापट नाही. घट्ट झालेला शेंबूड सुटतो. डॉक्टर सांगतील तर त्यातूनच औषधही देता येतं. कॉम्प्रेसरचं मशीन खडखड फार करतं, म्हणून ते टॉवेलवर, नळी पुरेल तितकं दूर ठेवायचं. जाळीचं छोटं मशीन जवळजवळ मुकं, पण महाग. बाहेर काढल्यावर अंग कोरडं पुसायचं, नाहीतर गारठा बसतो. पहिल्या वेळी बेसन डब्याच्या भिंती खरवडत होता. चौथ्या वेळी धुक्यात बसून मिशा साफ करत होता.

मात्र नेब्युलायझर थेंबांची जागा घेत नाही. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही; एकच जमणार असेल तर रताळ्यातले थेंब.

पाण्याच्या बाटलीत औषध मिसळण्याचा सल्लाही मिळतो. आजारी प्राणी पाणीच कमी पितो, त्यात ते कडू. किती गेलं कुणालाच कळत नाही. सोडून द्या.

दीड वर्षाच्या पुढच्या हॅमस्टरमध्ये धाप फुफ्फुसाची नसून हृदयाची असू शकते, आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. साचलेलं पाणी उतरवणारं औषध लागतं. एक्स-रेने फरक कळतो, पण त्यासाठी बहुतेकदा भूल द्यावी लागते, म्हणजे परत श्वासाचाच जुगार. आमच्या डॉक्टरांनी आधी औषध देऊन चार दिवसांत काय होतं ते बघू म्हटलं. प्राणी थकलेला असेल तर मीही तेच निवडेन.

अंथरायला काय

दुकानात जो रंध्याचा भुसा मिळतो तो बहुतेकदा पाइनचा, क्वचित देवदाराचा. त्याचा छान वास ज्या तेलांचा असतो तीच श्वासनलिका चुरचुरवतात. साळीचा तूस स्वस्त आणि सहज मिळणारा, पण धुळीने भरलेला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे बारीक तुकडे दिसायला स्वच्छ, पावसाळ्यात आतून बुरशी धरतात. आजारपणात बिनवासाचा, न छापलेला कागद फाडून घालणं सगळ्यात चांगलं. महाग वाटलं तर साधे टिश्यू. बदलताना सगळं एकदम काढू नका. मुतायचा कोपरा रोज साफ करायचा, कारण तिथला अमोनियाच छातीला लागतो. घरट्यातलं मूठभर जुनं राहू द्यायचं, नाहीतर स्वतःचा वास शोधत तो रात्रभर पळतो.

सोनेरी हॅमस्टरची ही जात 1930 साली सीरियातल्या हलब शहराजवळ पकडलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून पाळीव झाली. कोरड्या मातीतल्या बिळांची जात ठाण्याच्या जुलैत ओलीचिंब हवा घेते. म्हणून पंखा की एसी, याचं माझं उत्तर एसी: 24 अंशांवर, झोत पिंजऱ्यावर न येता. पंखा ओली हवाच फिरवतो.

आणि अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, निलगिरी, कापूर, सर्दीचं मलम, मिरचीची फोडणी: त्या खोलीत यातलं काहीच नको. माझ्या आईने प्रेमाने ओव्याची धुरी सुचवली होती. घरात कुणाला सर्दी असेल तर पिंजऱ्यापाशी जाताना मास्क लावावा. माणसाचे जंतू हॅमस्टरला लागतात. कोरोना तर दोन्हीकडून लागतो; 2022 च्या जानेवारीत हाँगकाँगने त्या भीतीने सुमारे दोन हजार हॅमस्टर मारले.

औषध कधी थांबवायचं

पाचव्या दिवशी टिकटिक थांबली. रताळ्याच्या गोळ्या थांबवायचा मोह झाला, पण डॉक्टरांनी सांगितलेले चौदा दिवस पुरे केले. औषध सुरू होऊन तीन-चार दिवसांत वजन सावरलं नसतं तर काय, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं: औषध बदलून बघायचं, आणि त्यानंतरही तोंडाने श्वास सुरू झाला तर कायमच्या झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवायचं. हे शांत असताना विचारलेलं बरं. रात्री दोनला डबा मांडीवर घेऊन रिक्षात ते ठरवता येत नाही.

तेराव्या दिवशी काट्यावर 136 आले. त्या रात्री चाकाच्या करकरीने आमची झोप मोडली, आणि चाकाला तेल घालायला कुणीच उठलं नाही.