जुन्या ग्रँड विटाराचा ड्राइव्हशाफ्ट : शाफ्ट मिळतो हो, बूट धड मिळत नाही (पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव)

ज्यांच्याकडे जपानहून तयार होऊन आलेली जुनी ग्रँड विटारा अजून आहे, २.४ पेट्रोलवाली, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी २०१० ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून पासिंग परत करून घेतलं, त्यामुळे गाडी विकायचा विषयच नाही. विषय आहे पुढच्या डाव्या ड्राइव्हशाफ्टचा (पुढचं चाक फिरवणारा दांडा), आणि त्यातही त्याच्या रबरी बुटाचा (जॉइंटवरचं, ग्रीस आत ठेवणारं आवरण) आणि बूट धरून ठेवणाऱ्या त्या पट्टीचा, कारण बाकी सगळं ठीक असताना त्या पट्टीने मला जो ताप दिलाय तो दुसऱ्या कशाने दिला नाही.

स्टिअरिंग पूर्ण कापून यू-टर्न घेतला की चाकातून कट-कट-कट यायला लागलं म्हणजे शाफ्टचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट (सांधा) गेला. पिकअप देताना पुढून थरथर असेल तर आतला बघा, आणि गिअर टाकताना खालून ठक्क वाजत असेल तर गाडीखालच्या लांब प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (फुलीसारखा सांधा) बघा, उगाच ड्राइव्हशाफ्ट खोलायला लावू नका. माझा बाहेरचा होता. बूट फाटलेला, ग्रीस संपलेलं, आत घोडबंदर रोडची माती. जिप्सीसारख्या पार्टटाइम फोर बाय फोरला टू-व्हीलमध्ये पुढच्या शाफ्टवर ताकद जात नाही, आपली गाडी कायम फोर व्हील, म्हणजे सिग्नलवरून सिग्नलवर जातानासुद्धा पुढचा शाफ्ट राबतोय. आणि तो काढून गाडी तशीच घरी न्यायचा विचार पण नको, सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा) लॉक केला नाही तर सगळी ताकद मोकळ्या टोकाला जाते आणि गाडी जागची हलत नाही, शिवाय शाफ्ट चाकाच्या हबला धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाशिवाय चाक फिरवलं तर हब बेअरिंगची वाट लागते.

पार्ट शोधताना पहिला घोळ नावाचा. २०२२ पासून त्याच नावाची नवीन गाडी आलीये, त्यामुळे काउंटरवर ग्रँड विटारा म्हटलं की समोरचा बिनधास्त नवीन गाडीचा नंबर काढतो. फोनवर सरळ चेसिस नंबर सांगा, आपला जेएस ने सुरू होतो, इथे बनलेल्या गाडीचा एम ने. बाहेरच्या साइटवर शोधत असाल तर जपानमध्ये हीच गाडी एस्कुडो नावाने होती.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने शाफ्ट बघितले, हाताने हलवले तरी खुळखुळ, बूट तडकलेले, नको म्हटलं. वागळे इस्टेटमध्ये एकाने जॉइंट लेथवर घासून आतल्या गोळ्यांच्या जागी मोठ्या गोळ्या टाकून देतो सांगितलं. हे करू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन, कारण गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिचा वरचा थरच कडक केलेला असतो, तो घासला की खाली मऊ लोखंड, थोडे दिवस बरं वाटणार आणि मग परत तेच. जपानहून ओरिजिनल मागवला तर कुरियर आणि कस्टम धरून चायनाच्या शाफ्टच्या तिपटीच्या वर जात होतं. म्हणून नवी मुंबईतल्या एका दुकानातून साडेनऊ हजाराला चायनाचा पूर्ण शाफ्ट घेतला, वर्षाची वॉरंटी. घेण्याआधी जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी जुळवली, एका दात्याला व्हाइटनर लावून दोन्ही टोकांचे दाते मोजले, ब्रेकच्या एबीएस सेन्सरची रिंगपण बघितली. हे दुकानातच करा, एकदा बसवला की परत घेत नाहीत.

सुरुवातीचे महिने एकदम झकास. आवाज नाही, व्हायब्रेशन नाही, मुरबाडकडे कच्च्या रस्त्यावर लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) चढवली तरी काही नाही. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते. जुलैमध्ये गायमुखच्या खड्ड्यांमधून आठवडाभर ये-जा झाली आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस गोल फवारलेलं दिसलं. बूट फाटला नव्हता! छोट्या तोंडाची पट्टी घसरून शाफ्टवर पुढे गेलेली, नखाने फिरवली तर फिरत होती. साडेनऊ हजाराच्या पार्टवर पन्नास रुपयाची पट्टी नीट लावता येत नाही? दुकानात गेलो तर म्हणे, "साहेब, रबर आयटमला वॉरंटी नसते." मी म्हटलं, "शेठ, रबराला काहीच झालेलं नाही, पट्टी लोखंडाची आहे, आणि ती तुमच्या मालावर कारखान्यातून लागून आलीये." शाफ्ट पाठवतो, कंपनी बघेल, गाडी तोवर उभी ठेवा, असं बरंच झालं. उभी ठेवायला दुसरी गाडी कुठे आहे माझ्याकडे. एक पैसा मिळाला नाही.

त्या रागात शाफ्टच फेकून द्यायचा होता, पण तुर्भ्याच्या गॅरेजमधले काका म्हणाले, "थांबा ओ दादा, उघडून तर बघू." उघडला, डिझेलने धुतला, सहाच्या सहा गोळ्या स्वच्छ, खाचांना खड्डे नाहीत, गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याला चीर नाही. म्हणजे माल चांगला, बांधणी वाईट. इथे माझं मत परत बदललं.

मग वेगळा निओप्रीनचा बूट शोधला (दोन्ही तोंडांचे व्यास आणि लांबी मोजून न्या, आणि उभा चिरलेला, चिकटवून बसवायचा बूट घेऊ नका, तो टिकत नाही), कान (पट्टीवरचा उंचवटा) दाबून बसवायच्या स्टेनलेसच्या पट्ट्या आणि काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. पिवळं चेसिस ग्रीस भरू देऊ नका. आधी शाफ्टवरची खाच पुसून कोरडी केली, थोडं जरी ग्रीस राहिलं तरी बुटाचं तोंड घसरतं. बूट पुढे-मागे नीट सैल बसला की छोट्या तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर सरकवून आत अडकलेली हवा सोडली, फुस्स करून निघते, आणि मग पक्कडीने कान दाबला. हवा राहिली की बूट फुगतो आणि पट्टीवर ताण येतो. ही पक्कड काकांकडे होती, बहुतेक ठिकाणी नसते, तिथे केबल टाय लावतात, तो लावू देऊ नका. मोठा नट नवीनच टाकला. सगळं मिळून दोन हजाराच्या आत.

गणपतीपासून गाडी याच शाफ्टवर चालतेय, उरलेला पाऊस तिनेच काढला, रिम आतून कोरडी आहे. शाफ्टला चार, त्याच्या बूट-पट्टीला शून्य, दुकानाच्या वॉरंटीलाही शून्य. घ्यायचा असेल तर घ्या, पण गाडीला लावायच्या आधीच त्याचा बूट आणि पट्ट्या बदला, दोन हजार किमतीतच धरून चला. उजव्या बाजूचा शाफ्ट अजून मूळचाच आहे, आवाज नाही, पण बुटाच्या घडीत बारीक चिरा दिसायला लागल्यात, त्यासाठी बूट आणि पट्ट्या आणून ठेवल्यात आणि मे महिन्यात काकांकडून बसवून घेणार आहे.