माल बरा, पार्किंग बेकार, काऊंटरच्या पोरी एक नंबर : लातूरच्या एका सुपरमार्केटविषयी

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कुणीतरी मॅनेजरला दाखवणार, मॅनेजर वरच्या हापिसाला घाबरून खालच्या पोरींना झापणार, आणि मी ज्यांच्या बाजूनं लिहायली त्यांच्याच अंगावर सगळं जाणार. लातूरवाल्यांनी ओळखलं तर ओळखलं, नाही तर असली दुकानं आता नांदेडला आहेत, परभणीला आहेत, बीडला पण आहेत, सगळीकडं थोडंफार हेच चालू असतंय.

मी ट्यूशनच्या पोरांची छोटी मेस चालवते. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची पोरं, भूक लई आणि वेळ कमी. त्यामुळं माझी खरेदी म्हणजे तेलाचे 15 किलोचे डबे, तांदळाचे कट्टे, पोहे, साबण, फिनेल, असली भरलेली ट्रॉली, आणि माझ्या मागं लाईनमधी उभं राहायला कुणालाच आवडत नाही हे मला माहितीय.

आधी मालाचं सांगते. तेल, तांदूळ, साखर, साफसफाईचं सामान इथं बिनधास्त घ्या, स्कीम चालू असली तर गंजगोलाईपेक्षा, म्हणजे आमच्या जुन्या बाजारपेठेपेक्षा, स्वस्त पडतंय. भाजी संध्याकाळी घेऊ नका, सुकलेली असते. आणि तूरडाळ इथं घेणाऱ्याला मी काय म्हणू, लातूरात राहून, इतक्या डाळमिली गावात असताना चकचकीत पाकिटातली डाळ घ्यायची म्हणजे कमालच. डाळ मी गंजगोलाईतूनच आणते. सोळा रस्ते मिळतात तिथं, गाडी लावायला एकाही रस्त्यावर जागा नाही, पण डाळ हातात घेऊन बघता येते. पार्किंगचं म्हणाल तर या सुपरमार्केटची पण बोंबच आहे, रविवारी तर स्कूटीसुद्धा आडवी लावून यावं लागतंय.

आता मेन मुद्दा, बिल काऊंटर. आमच्या ओळखीत ज्याला विचारावं तो म्हणतो दुकान चांगलंय पण काऊंटरच्या पोरी रूड आहेत, तोंड वर करून बघत पण नाहीत, नोट घेतली की उजेडात धरून बघतात जसं काय आपण घरी छापून आणली. मी तिथं नेहमी असते आणि ट्रॉली मोठी असल्यामुळं काऊंटरसमोर उभी पण जास्त वेळ राहते, तर मला जे दिसतंय ते वेगळंच आहे.

त्या नोटेचंच घ्या. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की रात्री गल्ला मोजताना पैसे कमी भरले तर तिच्याच पगारातून जातात, आणि खोटी नोट निघाली तरी तेच. मग ती पाचशेची नोट दोनदा बघणार नाही तर काय करणार, आपण बँकेत गेल्यावर कॅशियर आपल्या नोटा मशीनमधी टाकतो तेव्हा आपल्याला राग येतो का? आणि तोंड वर करून बघत नाही म्हणता, तर तिचे डोळे स्क्रीनवर असतात कारण एक आयटम दोनदा वाजला तर तो तिला स्वतःला काढता येत नाही. सुपरवायझरला हाक मारावी लागते, तो कुठंतरी गोडाऊनमधी असतो, तो येऊन पासवर्ड टाकणार तेव्हा आयटम निघणार, तोपर्यंत अख्खी लाईन तिच्याकडंच डोळे वटारून बघायली. चूक कुणाचीही असो, थांबायला लागलं की शिव्या तिलाच.

परवाचंच बघा. माझ्या पुढं एक साहेब होते, कानात ते छोटं वायरलेस, फोनवर प्लॉटचं काहीतरी चालू. सामान पट्ट्यावर नुसतं ओतलं, अंडी खाली आणि वर फिनेलची बाटली. पोरीनं अंडी बाजूला काढली, एकेक आयटम मारला आणि विचारलं, सर पिशवी देऊ का? ते म्हणाले, "हां हां देऊन टाक, विषय संपव." तिनं मोठी पिशवी काढली, स्कॅन केली, सामान भरायला लागली. बिल आल्यावर साहेब भडकले, मी पिशवी कधी मागितली, तुम्ही लोक असंच लुटता, वगैरे. अहो, ते "देऊन टाक" फोनवरच्या माणसाला होतं! तिला कसं कळावं? तिनं एकदाच सांगितलं की सर तुम्ही हो म्हणालात, मग गप बसली आणि सुपरवायझरला हाक मारली. पिशवी निघाली, बिल परत आलं, आणि साहेब जाताना फोनवर परत सुरू, "काय नाही रे, इथली पोरगी येडीय." तिच्या तोंडावर. मी बोलले त्यांना, पण ते गेलेले होते, लिफ्टपर्यंत कोण पळणार.

फोन ठेवायचा दोन मिनिटं. बास, यापेक्षा मोठा शिष्टाचार कुणी मागत नाहीये.

दुसरी भांडणं रेटची. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किट हे सगळं 18 टक्क्यांवरून 5 वर आलं, पण कपड्याची पावडर 18 वरच राहिली. आता हे काऊंटरच्या पोरीनं ठरवलंय का? तरी त्या दसरा-दिवाळीच्या गर्दीत दर तिसरा माणूस पावडरचा पुडा नाचवत विचारायचा की टीव्हीवर तर स्वस्त झालं म्हणले, इथं का नाही, आणि पुड्यावर जुनी छापील किंमत, वर नव्या किमतीचं स्टिकर, सगळाच गोंधळ. रेट सिस्टीममधी वरून येतो, तिच्या हातात फक्त ती स्कॅनरची गन असते. एमआरपीपेक्षा एक रुपया जरी जास्त लावला तर जरूर भांडा, हक्कच आहे तो, ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, तिथं फोन लावा, मॅनेजरच्या केबिनमधी जाऊन बसा. पण हे कुणी करत नाही, कारण मॅनेजर दिसत नाही आणि पोरगी समोर दिसते.

चिल्लरचा विषय तर आमच्या मराठवाड्यात विचारूच नका. दहाचं कॉईन इथं कित्येक दुकानदार घेतच नव्हते, अजूनही काही जण नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मधीच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाच्या चौदा प्रकार चालतात, पण आपल्याकडं अफवेला जेवढा मान आहे तेवढा रिझर्व्ह बँकेला नाही. इथल्या पोरी कॉईन घेतात आणि देतात पण. औशाकडचे एक काका कॉईन परत सरकवून म्हणले, आमच्या गावात चालत नाही हे. तर ती म्हणली, "नाही चाललं तर पुढच्या बाजाराला माझ्याकडं आणा काका, मी घेते की." काकानं कॉईन कोपरीच्या खिशात टाकलं. एवढं बोलायला दुकानानं तिला काही शिकवलं नसणार, ते घरचंच आहे. फक्त एक चीड येते, दोन रुपये सुट्टे नसले की चॉकलेट देतात. ते मात्र पोरींच्या मनाचं नाही, बरणी कंपनीनंच ठेवलीय गल्ल्याजवळ. मी घेत नाही, "राहू दे, पुढच्या बिलात बघू" म्हणते.

मोबाईल नंबरचं पण तसंच. बिल करायच्या आधी नंबर विचारायचाच अशी त्यांना ऑर्डर आहे. केंद्राच्या ग्राहक विभागानं मे 2023 मधी दुकानदारांना कळवलेलं आहे की नंबरसाठी गिऱ्हाईकावर जबरदस्ती करायची नाही. नसेल द्यायचा तर सरळ "नंबर नको ताई" म्हणायचं, ती नंबराशिवाय बिल काढते, मी कायम तसंच करते. त्यासाठी "तुला कशाला पाहिजे माझा नंबर" असं एका टवाळानं म्हणून मित्राला टाळी दिली होती, तेव्हा शेजारच्या काऊंटरची जी वयानं मोठी बाई आहे ती हातातलं बिल सोडून उठून आली, बोलली काही नाही, फक्त येऊन उभी राहिली. पोरं बिल भरून गपगुमान गेली. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून "ए अमकी, लवकर कर" म्हणणारे पण रोजचे आहेत, त्यात चांगल्या घरच्या बायका पण आहेत बरं का. गोलाईत आम्ही किराणावाल्याला मालक म्हणतो, शेठ म्हणतो, कारण तो उधार देतो. हिच्याकडून उधार मिळत नाही म्हणून ही अरेतुरेची?

याच्या उलट पण माणसं येतात. एक म्हातारे आले होते, धोतर-पटका, बहुतेक निलंग्याकडचे. काऊंटरवर आल्या आल्या "रामराम" केला. पोरगी अर्धा सेकंद थांबली, मग म्हणली, "रामराम बाबा." लाईनमधले दोघं-तिघं वळून बघायले, इथं कुणी रामराम करत नसतंय ना. म्हाताऱ्यानं चहाचा पुडा आणि बॅटरीचे सेल ठेवले आणि म्हणले, "घे माय, निवांत घे, मला काय घाई नाही." आणि रमजानात त्याच काऊंटरची पोरगी समोरच्या बुरखेवाल्या बाईला "खाला, थैली होना क्या?" असं विचारायली, लगेच पुढच्याला मराठीत, मागच्या परप्रांतीय पोराला हिंदीत. मेसवाल्या बाईला कौतुक वाटणारच, माझ्याकडं भांडी घासायला येणारीला पण मी अजून इतकं पटापट बोलताना ऐकलं नाही.

आता दुकानवाल्यांना. त्या पोरी दिवसभर उभ्या असतात. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्याच, टेकल्या की कॅमेऱ्यात दिसतंय म्हणे. केरळात 2018 ला आणि तामिळनाडूत 2021 ला कायदा करून दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायला लावली, ती पण साड्यांच्या दुकानातल्या बायकांनी आवाज उठवल्यावर केरळात सुरू झालेली गोष्ट. आपल्याकडं 2017 चा दुकानांचा कायदा आला त्यानं दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवायची मोकळीक दिली, त्याच कायद्यात सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी पण लिहिली होती, पहिला भाग मालकांच्या बरोबर लक्षात राहिला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा जिल्हा शेतात असतो, गावात कुत्रं दिसत नाही, तेव्हा पण हे दुकान उघडं होतं. आदल्या रात्री बेसन, शेंगदाणे, गूळ यासाठी नुसती झुंबड, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरी रिकाम्या दुकानात उभ्या. संध्याकाळी शेतातून येताना मी डब्यात भज्जी आणि बाटलीत आंबील घेऊन गेले, तर सिक्युरिटीवाला म्हणला बाहेरचं खाणं आत चालत नाही. मग त्यालाच पहिला घोट दिला, तेव्हा चाललं.

जाणार असाल तर दुपारी दोन ते चार जा, ट्यूशनची पोरं क्लासला असतात, काऊंटर मोकळा असतो. सुट्टी कडधान्यं घेतली तर आतच वजन करून स्टिकर लावून घ्या, नाही तर काऊंटरवरून परत पाठवतात आणि मग लोक तिलाच बोलतात. तेलाचा डबा ट्रॉलीतून काढू नका, बारकोड वर करून ठेवा, ती गन घेऊन ट्रॉलीपर्यंत येते. नको असलेलं आईस्क्रीम बिस्किटाच्या रॅकमधी कोंबू नका, काऊंटरवर देऊन टाका, रागावत नाहीत.

मालाला साडेतीन, पार्किंगला एक, पोरींना पाचपैकी पाच, मॅनेजमेंटला दोन. काऊंटरमागं स्टूल आलं की तीन करते.