महास्फोट: देवाचा पुरावा, की श्रद्धेला मोकळीक?

खानापूर-निपाणीकडच्या गावांत हरिनाम सप्ताहात कीर्तन आटोपलं की पारावर महास्फोटाचा, म्हणजे विश्व एका अतितप्त, अतिघन अवस्थेतून पसरत आलं या सिद्धांताचा, विषय निघतो. एक बाजू म्हणते, विश्वाला आरंभ आहे, म्हणजे तो करणाराही आहे. दुसरी म्हणते, भौतिकशास्त्र देव सिद्ध करत नाही, पण नाकारतही नाही.

पहिली बाजू चटकन पटते. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनीही जवळपास हेच मांडलं. पण 1931 मध्ये 'आदिम अणू'ची, म्हणजे सारं विश्व एकाच अणूतून उलगडलं अशी, कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू असूनही त्यांना ही सांगड पसंत नव्हती. मला त्यांचंच बरोबर वाटतं. आपली समीकरणं सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त, अतिघन अवस्थेपर्यंत नेतात. त्याच्या अगदी मुळाशी आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षण सांगणारा सापेक्षतावाद अपुरा पडतो आणि गुरुत्वाकर्षणाचा सर्वमान्य क्वांटम (अतिसूक्ष्म पातळीवरचा) सिद्धांत अजून हाती नाही. 1983 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हार्टल आणि हॉकिंग यांनी तर काळाला कडाच नसलेलं, म्हणजे ठरावीक पहिला क्षण नसलेलं, विश्व मांडलं. उद्या ते खरं ठरलं, तर आरंभाच्या आधारावर उभा केलेला देव कुठे राहील?

दुसऱ्या बाजूला ही धास्ती नाही. पंढरीची वाट चालणारे आपले वारकरी विठ्ठलाकडे विश्वाच्या पहिल्या क्षणाचा हिशेब मागत नाहीत. निसर्गस्थिरांक (गुरुत्वाकर्षणाची ताकद ठरवणाऱ्या आकड्यासारखे निसर्गातले ठरलेले आकडे) जीवसृष्टीला इतके अनुकूल कसे, याला कुणी निर्माता म्हणतं, कुणी अनेक विश्वं. दोन्ही उत्तरं आज प्रयोगाने तपासता येत नाहीत. मुळात नियम आहेतच का, हा प्रश्न मात्र समीकरणांबाहेरच उरतो, आणि श्रद्धेला तेवढी जागा मला पुरेशी वाटते.