एनडीडीआय-ई प्रश्नावली: सहा प्रश्नांत काय कळतं, काय निसटतं

फिट येणाऱ्या बाईची उदासी डिप्रेशनच्या नेहमीच्या फॉर्मवर नीट मोजली जात नाही. झोप बिघडली का, थकवा येतो का, लक्ष लागतं का, हे ते फॉर्म विचारतात आणि फिटच्या गोळ्यांनीही नेमकं हेच होऊ शकतं. मग आकडा फुगतो, नाहीतर ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून दुर्लक्षिला जातो. 2006 साली खास फिट येणाऱ्यांचं नैराश्य तपासायला आलेल्या एनडीडीआय-ई प्रश्नावलीत ही लक्षणं मुद्दाम वगळली आहेत. तिचा सगळ्यात मोठा गुण हाच.

प्रश्न सहाच, वेळ जेमतेम तीन मिनिटं. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक गोष्ट जड गेली का, आपलं सगळं चुकतंच असं वाटलं का, अपराधी वाटलं का, वैताग आला का, कशात आनंद वाटेनासा झाला का, मेलेलं बरं असं मनात आलं का. प्रत्येकाला 1 ते 4 गुण. मूळ अभ्यासात बेरीज 15 च्या वर गेली की गंभीर नैराश्याची शंका धरतात. काही भाषांतरांत ही रेघ खाली आहे. हे निदान नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याची खूण आहे. मात्र मरणाच्या प्रश्नाला 3 किंवा 4 आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

बायकांच्या बाबतीत ती कमी पडते ती पाळीमुळे. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं, मेंदूला शांत ठेवणारा त्याचा परिणाम ओसरतो. काहींच्या फिट वाढतात, मनही खचतं. महिन्यात एकदाच भरलेला फॉर्म हा खड्डा सहज चुकवतो. म्हणून दोनदा भरावा: पाळी सुरू होताच एकदा, चौदाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. 28 दिवसांचं चक्र असेल तर दोन्ही अर्धे स्वतंत्र दिसतात. असे दोन-तीन महिने आकडे फिटच्या डायरीतच लिहावेत. फिटनंतर तीन दिवस थांबावं, तेव्हाची उदासी त्या फिटचीही असू शकते. गोळी बदलल्याची, डोस वाढवल्याची तारीखही शेजारी हवी. लेव्हेटिरासिटाम, टोपिरामेट, पेराम्पॅनेल या फिटच्या गोळ्यांनी चिडचिड किंवा उदासी वाढू शकते. तशी शंका आली तरी गोळी स्वतःहून बंद करू नये, न थांबणारी फिट येऊ शकते.

आणि फॉर्म बाईने एकटीने भरावा. घरचं कुणी शेजारी बसलं की अपराधीपणाच्या आणि मरणाच्या प्रश्नांना हमखास 1 पडतो.

चिंता यात मोजलीच जात नाही, ही खरी उणीव. जोडीला चिंता मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-7 घ्यावी. तिथे 10 पासून पुढे दखल घ्यायची. बाळंतपणानंतर तेव्हाचं नैराश्य तपासणारी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावलीही हवी.

नैराश्याची गोळी सुरू करायची झाली तर सर्ट्रालिनसारखी औषधं बहुधा चालतात. ब्युप्रोपिऑनने फिटचा धोका वाढतो, ते टाळतात.